गोशेन वेशीबाहेरच होतं

नमस्कार ताई,

बायबलमधल्या मिसरातल्या (इजिप्तमधल्या) पीडांवरचा, म्हणजे फारो राजानं इस्राएली गुलामांना सोडावं म्हणून देवानं तिथे आणलेल्या संकटांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "आपल्या लोकांना बाजूला काढून बाकीच्यांना झोडपणारा देव मला परका वाटतो. वेगळं काढण्याचं दुःख ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलं, त्यांना याचं कौतुक सांगू नका." 'वेगळं काढणं' हे शब्द आपल्याकडे केवढी जखम घेऊन येतात, याचं भान मला लिहिताना राहिलं नाही. ते माझं चुकलं.

पण पीडांतून वगळलेला इस्राएली लोकांचा मिसरातला प्रदेश, गोशेन, काय होता, ते पाहा. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाच्या 43व्या अध्यायात, मिसरात मोठा अधिकारी झालेल्या इस्राएली योसेफाच्या घरी त्याचे भाऊ जेवायला बसतात आणि पंगती वेगळ्या पडतात. इब्र्यांबरोबर, म्हणजे या इस्राएली लोकांबरोबर, जेवणं मिसऱ्यांना अमंगळ वाटायचं! मेंढपाळांचीही त्यांना किळस, म्हणून तर योसेफ आपल्या माणसांना गोशेनात राहायला जागा मागायला सांगतो. म्हणजे रेघ आधीचीच होती, माणसांनी ओढलेली. पुढे फारोनं याच लोकांना विटा पाडायला जुंपलं. पेंढा देणं बंद केलं, विटा मात्र तेवढ्याच मागितल्या. त्यांचे मुलगे नदीत टाकायचा हुकूम काढला. पहिल्या तीन पीडांत गोशेन वगळल्याचा उल्लेख नाही. चौथ्या, गोमाश्यांच्या पीडेच्या वेळी देव म्हणतो की मी भेद करीन, आणि तो ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्या बाजूनं करतो. तिथे मूळ हिब्रूत शब्द आहे 'पेदूत'. त्याचा अर्थ सोडवणूक.

शिवाय ही रेघ रक्ताच्या नात्याची नव्हती. गारांच्या आधी इशारा मिळाला, तेव्हा फारोच्याच सेवकांपैकी ज्यांना परमेश्वराच्या शब्दाचं भय वाटलं, त्यांनी गडी आणि गुरं घरात आणली. मिसर सोडताना इस्राएलाबरोबर मिश्र समुदायही निघाला. आणि वल्हांडणाच्या रात्री, म्हणजे मिसरातले पहिले मुलगे मरण्याच्या शेवटच्या पीडेच्या रात्री, तर नुसतं इस्राएली असून भागणार नव्हतं. मरण टळावं म्हणून कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावायचं आणि सकाळपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आत कोण किती पुण्यवान आहे, हे कुणी विचारलं नाही. मी ख्रिस्ताला धरून आहे तो याच कारणानं, प्रेषित पौल त्याला आपलं वल्हांडणाचं कोकरू म्हणतो.

तुमचा राग आम्हा मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांवरही असेल, तर बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 9वा अध्याय तुमच्याच बाजूचा आहे. तिथे वाचवण्यासाठी कपाळावर खूण होते ती नगरातल्या अमंगळ कृत्यांमुळे उसासे टाकणाऱ्यांच्या, आणि न्यायाची सुरुवात देवाच्या पवित्रस्थानापासून होते. मंदिरापुढच्या वडीलधाऱ्यांपासून.

एका ठिकाणी मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पीडांची गोष्ट सांगणाऱ्या निर्गम पुस्तकात, 11:5 मध्ये, जात्यामागे बसलेल्या दासीचा पहिला मुलगाही मरणार, असं म्हटलंय. ती काही फारो नव्हती, तीही राबणारीच. देव न्यायी आहे यावर माझा विश्वास आहे, पण त्या आईच्या समोर उभं राहून तो समजावून सांगणं मला जमणार नाही. लेखात मी हे वचन वगळून पुढे गेलो होतो.

'आपण सुरक्षित, ते नाश पावणारे' हे वाक्य आज लेखातून काढलं आहे. त्या जागी जात्यामागच्या दासीचं वचन घातलं आहे.