‘अंघोळीचं नाटक’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

शाळेची मुलं आणि बाहेरचे सभासद एकच तलाव वापरतात, तेव्हा तो स्वच्छ आणि सुरक्षित कसा ठेवायचा यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने शॉवर घ्यावा, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर ‘एक नियमित पोहणारा’ या नावाने आपण बरंच काही लिहिलंत. त्यातला मुख्य भाग इथे जसाच्या तसा देते, म्हणजे इतरांना संदर्भ लागेल: “पाण्यात क्लोरीन असतोच, तो सगळं मारतो. कमी पडला तर जास्त टाका. घरून स्वच्छ येणाऱ्या माणसाला पुन्हा अंघोळीचं नाटक कशाला? आणि बाई, तुम्ही स्वतः कधी पाण्यात उतरलात, की काठावरून शिट्ट्याच फुंकल्या?”

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. माझं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगा, खोडून काढा, मला त्याचं काही वाटत नाही. पण समोरच्याची लायकी काढून सुरुवात करायची आणि वर स्वतःचं नावही लिहायचं नाही, याला प्रतिक्रिया म्हणत नाहीत. मी 9 वर्षांची असताना पोहायला शिकले. पुढे 23 वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आणि त्यातली 16 वर्षं अशाच एका सामाईक तलावाची सकाळची जबाबदारी माझ्याकडे होती. पहाटे साडेपाचला कुलूप मी उघडत असे.

राहिली शिट्टी. एका सकाळी उथळ आणि खोल बाजूमधल्या दोरीपाशी निळ्या टोपीतली एक मुलगी पाण्यात सरळ उभी दिसली. डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, पाय हलत नव्हते. तिच्यापासून हातभर अंतरावर दोघी मैत्रिणी हसत होत्या, त्यांना काही कळलंच नव्हतं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण जो श्वास मिळतो तो श्वासालाच पुरत नाही. हात हलवून बोलावणंही त्याला जमत नाही, ते हात पाणी खाली दाबत असतात. मी शिट्टी फुंकली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. मुलगी वाचली. तेव्हा काठावरच्या शिट्टीबद्दल हलकं बोलण्याआधी थोडा विचार करायला हवा होता, एवढंच म्हणते.

आता क्लोरीन. ‘तो सगळं मारतो’ हे आपण इतक्या ठामपणे लिहिलंत की वाचणाऱ्याला खरं वाटावं. लिटरला 1 मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेला, क्लोरीन असेल आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ठीक असेल, तर ई-कोलायसारखे जंतू मिनिटाच्या आत मरतात, हे बरोबर. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी त्याच पाण्यात 7 दिवसांहून जास्त तग धरतो. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात पिण्याच्या पाण्यातून तो पसरला आणि सुमारे 4 लाख माणसं आजारी पडली. त्या पाण्यातही क्लोरीन होता.

आणि जे जंतू क्लोरीनने मरतात, त्यांच्यासाठी तो शिल्लक तर राहायला हवा ना? तुमच्या अंगावरचा घाम, क्रीम, केसांतलं तेल, आणि स्पष्टच लिहिते, लघवी, हे सगळं क्लोरीन खाऊन टाकतं. घाम आणि लघवीशी संयोग होऊन त्याचे क्लोरामाइन तयार होतात. ‘आज क्लोरीन जास्त मारलाय’ म्हणून आपण नाक मुरडतो तो वास बहुतेक वेळा यांचाच असतो. डोळे चुरचुरणं आणि खोकला येणंही यांच्यामुळेच. नीट राखलेल्या तलावाला उग्र वास येत नाही.

मी हे नळीत पाहिलेलं आहे. परीक्षानळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, डीपीडीची गोळी टाकायची, क्लोरीन असेल तसा गुलाबी रंग चढतो. एका सोमवारी पहाटे सहाला तो चांगला गडद चढला होता. मोठ्यांच्या दोन भरगच्च बॅच झाल्या. शॉवर त्या दिवशी बंद होते आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आठला पुन्हा नळी भरली, तर रंग आहे की नाही हे बघायला ती पांढऱ्या कागदासमोर धरावी लागली. पंप चालू होता, क्लोरीनही नेहमीच्या हिशोबाने पडत होता. काठावर दुसरीची मुलं टोप्या घालून रांगेत उभी होती, एकाने गॉगलसुद्धा लावून ठेवला होता. मी सगळ्यांना वर्गात परत पाठवलं. दोघंजण रडले. दुपारी पालकांचे बोल मी ऐकले, सकाळच्या सभासदांपैकी कुणाला ऐकावे लागले नाहीत.

सामाईक तलावाची खरी अडचण ही आहे. तुम्ही पोहून, अंग पुसून कामाला जाता आणि तुमच्यानंतर त्याच पाण्यात मुलं उतरतात. एका पाहणीत पाऊण तासाच्या पोहण्यात मोठ्यांच्या पोटात सरासरी 16 मिलिलिटर पाणी गेलं होतं, मुलांच्या पोटात 37. म्हणजे तुम्ही पाण्यात जे सोडता ते मुलं तुमच्या दुपटीहून जास्त पितात. उतरण्यापूर्वी शॉवरखाली एक मिनिट उभं राहिलं तरी अंगावरचं बरंचसं निघून जातं. एका मिनिटाला आपण नाटक म्हणता! घरी सकाळी अंघोळ केली हे मला मान्य आहे, पण तिथून तलावापर्यंत येताना घाम येतोच.

‘जास्त टाका’ हा सल्ला तर आपण देऊच नये. गोळीने पाणी गुलाबी झालं नाही म्हणून क्लोरीन संपला असं समजून एकदा आमच्याकडे आणखी टाकला गेला. प्रत्यक्षात तो इतका जास्त होता की गोळीचा रंगच उडून जात होता. नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा तपासल्यावर ते लक्षात आलं. दिवसभर तलाव बंद ठेवावा लागला. घाईघाईत एकाच भांड्यात ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, हेही सांगून ठेवते.

एक चूक मात्र आपण बरोबर पकडलीत. पीएच 7.6 च्या वर जाता कामा नये असं मी लिहिलं होतं, मर्यादा 7.8 पर्यंत चालते. लेखात दुरुस्ती केली आहे. अर्थात 7.2 ला क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग झटपट मारणाऱ्या रूपात असतो, 7.8 ला जेमतेम एक तृतीयांश उरतो, तेव्हा मी कडेला पोचण्याआधीच थांबायला सांगत होते असं समजा.

बाकीचे मुद्दे, म्हणजे रोजचे आकडे दरवाज्यावर लावा, जीवरक्षक किती मुलांमागे किती ते लिहा, तळाच्या जाळीची तपासणी कधी होते ते सांगा. ठीक आहे. नोंदवही ऑफिसात असते, ज्याला बघायची त्याने मागावी. 16 वर्षांत ती माझ्याकडे तिघांनी मागितली. ज्यांना शॉवरखाली मिनिटभर उभं राहणं जड जातं ते दारावरचे आकडे वाचत थांबतील असं मला वाटत नाही, आणि यावर यापेक्षा जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

शेवटी आपण विचारलंत की जुलाब थांबल्यावर दोन आठवडे पाण्यात येऊ नका हा अतिरेक नाही का. क्रिप्टोस्पोरिडियमचं निदान झालं असेल तर नाही. माणसाला बरं वाटायला लागल्यावरही तो परजीवी शौचातून पडत राहतो, आणि क्लोरीन त्याचं काय करू शकतो ते वर लिहिलंच आहे. तो नियम मी मागे घेणार नाही.