साहेब, स्वेच्छेने करायचं म्हणजे असं करायचं

साहेब, आधी अभिनंदन. तुम्ही वीज कंपनी चालवता, आणि कोर्टाची नोटीस नाही, दंड नाही, कुणी मागे लागलेलं नाही, तरी हरितगृह वायू, म्हणजे पृथ्वी तापवणारा कार्बनचा धूर, कमी करायचं तुमच्या मनात आलं, हे ऐकून आमच्या वाडीत सगळ्यांना भरून आलं. (तुम्ही साहेब नसाल तरी वाचा, आजकाल कोण कधी कुठल्या कंपनीवर डायरेक्टर होईल सांगता येत नाही.) मी रत्नागिरीच्या बाजूचा, समुद्र घरापासून हाकेवर, विजेतलं मला एवढंच कळतं की वळवाचा पहिला थेंब पडायच्या आधी ती जाते. पण वीज न वापरता धूर कमी करायचा आम्हा कोकणवाल्यांएवढा अनुभव दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही, म्हणून चार शब्द सांगतो.

पहिलं म्हणजे 'स्वेच्छेने' हा शब्द सोडू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. स्वेच्छा म्हणजे देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी. किती द्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि नाव मात्र फळ्यावर सगळ्यांचं लागतं. तुमचं तर आणखी सोपं, फळा तुमचा आणि खडूही तुमचाच.

हे मी मनाचं सांगत नाहीये हां. अमेरिकेत १९९२ साली ऊर्जा कायदा झाला, त्यात १६०५ ब म्हणून कलम आहे, की ज्याला वाटेल त्याने आपण किती धूर कमी केला ते सरकारला कळवावं. तुलना कुठल्या वर्षाशी करायची ते कळवणाराच ठरवायचा. अख्ख्या कंपनीचा हिशेब नको असेल तर एखाद्या प्रकल्पापुरता द्या, बाकीच्या धुराड्यांबद्दल गप्प बसा, चालायचं. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'आम्ही हे केलं नसतं तर अमुक इतका धूर झाला असता' असा न झालेला धूरसुद्धा जमेला धरता यायचा. पुढे १९९४ पासून तिथल्या शेकडो वीज कंपन्या क्लायमेट चॅलेंज नावाच्या कार्यक्रमात सरकारशी करार करून सामील झाल्या, त्यात काहींनी खरं कामही केलं, नाही असं नाही, पण कोणी खरं केलं आणि कोणी फळ्यावर केलं हे बाहेरून ओळखायचं कसं हा प्रश्न शेवटपर्यंत राहिलाच.

तर वर्ष निवडणं ही कला आहे. आमच्या शेजारचे एक काका आहेत, नाव नको, ते दरवर्षी सांगतात दारू निम्म्यावर आणली. खोटं नाही बोलत हो, फक्त ते तुलना शिमग्याशी करतात. तुम्ही पण तुमचा शिमगा शोधा. ज्या वर्षी पाऊस कमी झाला, धरणं आटली आणि कोळसा ढिगाने जाळावा लागला ते वर्ष पकडा, पुढच्या वर्षी बरा पाऊस पडला की तुमची कपात आपोआप झालीच म्हणून समजा, वरुणराजाला श्रेय द्यायची गरज नाही, तो काही अहवाल वाचत नाही.

ते जमत नसेल तर एकूण धुराबद्दल बोलूच नका, दर युनिटमागे किती ते बोला. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच हे करून दाखवलंय, देशाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात उत्सर्जन दहा वर्षांत १८ टक्के कमी करू म्हणाले. प्रमाणात. म्हणजे पोरगं जेवढ्या वेगाने उंच होतंय त्यापेक्षा पोट कमी वेगाने सुटलं तर त्याला बारीक झाला म्हणायचं.

तुमच्याकडे एखादं जुनं धरण असेल तर मग काय विचारायलाच नको. आमच्याकडे कोयनेचं पाणी साठच्या दशकापासून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं, सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅट, धूर नाही. असलं काही असेल तर ते यंदाच्या हरित उपक्रमांत पहिल्या पानावर टाका. आजोबांनी लावलेल्या हापूसच्या कलमांवर नातू बागायतदार म्हणून मिरवतो की नाही, तसंच हे.

आणि खरी मोठी कपात कशी दिसते ते बघायचं असेल तर गुहागरला या. नाव दाभोळचं पण प्रकल्प खाडीच्या अलीकडे अंजनवेलला, एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा तो. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा चालू झाला, नाफ्था नावाच्या खनिज तेलाच्या इंधनावर, वीज एवढी महाग की वीज मंडळाला झेपेना, २००१ मध्ये बंद, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिकडे एन्रॉनच दिवाळखोरीत. मग २००६ पर्यंत धुराडं थंडगार! पुढे नवीन कंपनीने १९६७ मेगावॅटचा कारखाना गॅसवर चालवायला घेतला तर २०१३ मध्ये गॅसच आटला, परत थंड, २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज द्यायच्या निमित्ताने पुन्हा थोडा थोडा चालू झाला. आता एवढी वर्षं एवढा मोठा प्रकल्प बंद ठेवून केवढा कार्बन वाचवला असेल, तरी कुणाला त्याचं सर्टिफिकेट काढायचं सुचलं नाही. मराठी माणूस इथेच मागे पडतो.

झाडं. झाडं तर पाहिजेतच, त्याशिवाय फोटो कसा येणार. याचाही मूळपुरुष एका वीज कंपनीतच सापडतो, १९८८-८९ च्या सुमारास एईएस नावाच्या अमेरिकन कंपनीने कनेक्टिकटमध्ये कोळशाचं केंद्र उभारताना त्याच्या धुराच्या बदल्यात ग्वाटेमालात पाच कोटींच्या आसपास झाडं लावायच्या योजनेला पैसे दिले. धूर एका देशात, झाडं दुसऱ्या देशात, शेतकरी तिसऱ्याच विवंचनेत. तुम्हाला एवढं लांब जायला नको, आमचे सडे आहेत ना. जांभ्या दगडाचा उघडा सडा बघितला की मुंबईहून आलेल्या माणसाला ती पडीक जमीन वाटते, पावसाळ्यात तिथे कसली कसली फुलं येतात आणि कुठे कुठे हजारो वर्षांची कातळशिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, हे त्याला कोण सांगणार. तर तिथे पहारीने खड्डे मारा, ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लावा, ५ जूनला टोप्या घालून या, पाणी घालतानाचा फोटो काढा आणि पाऊस लागायच्या आत परत जा. जगली तर तुमची, मेली तर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात.

आता माझा हातखंडा विषय. साहेब, बिनखर्चाचा उपाय म्हणजे लाईट घालवा. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड जातो असं सरकारी हिशेब सांगतो. आमच्या वाडीत साठ घरं, पंखा टीव्ही फ्रीज मिळून घरटी तीनशे वॉट धरा, रात्री दहा तास लाईट गेली की १८० युनिट, म्हणजे सव्वाशे किलो कार्बन तुम्ही एका रात्रीत वाचवलात, तेही एक फांदी वेळेवर न तोडून. निसर्ग वादळ आलं तेव्हा, ३ जून २०२०, श्रीवर्धन-दिवेआगरपासून इकडे दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे काळोखात काढले, खांब आडवे, तारा भातखाचरात, माडांचे बुंधे पिळून काढलेले. पृथ्वी वाचवायला एवढा त्याग कुठल्या शहराने केलाय सांगा.

लोक मात्र यावर पाणी फिरवतात. लाईट गेली रे गेली की बीचवरचा हॉटेलवाला जनरेटर लावतो, आणि एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोच्या वर कार्बन जातो, मिळतात तीन-साडेतीन युनिट. म्हणजे वाचला त्याच्यापेक्षा जास्त तिकडून निघाला. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तो धूर हॉटेलवाल्याच्या खात्यावर.

काही गोष्टी मात्र चुकूनही करू नका, त्यात फोटो नाही.

उदाहरणार्थ गळती. केंद्रातून निघालेल्या शंभर युनिटमधली समजा पंधरा वाटेतच गेली, काही तारा तापवण्यात, काही आकड्यावर, काही मीटर बंद म्हणून, तर त्या पंधरा युनिटचा कोळसा जळलेला असतोच, धूर झालेला असतोच, फक्त तारांत गेलेल्यावर कुणाचा पंखा फिरलेला नसतो आणि बाकीच्याचं बिल कुणी भरलेलं नसतं. जाड तार टाकली, ओव्हरलोड डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, बदलला, सबस्टेशनातून निघालेली लांबच लांब लाईन, म्हणजे फीडर, तोडून दोन केले तर तारांत वाया जाणाऱ्या विजेचा धूर खरोखर कमी होतो. पण त्याला माणसं लागतात. आमचा वायरमन एकटा, त्याच्याकडे सात गावं, एक दुचाकी, एक काठी आणि एक शिडी, जी दुसऱ्या गावात असते. खाऱ्या वाऱ्याने क्लॅम्प गंजून हातात येतात, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि पहिल्या पावसात ठिणग्या दिवाळीसारख्या, बिचारा पावसात खांबावर चढून जंप जोडतो आणि खालून आम्ही त्यालाच शिव्या देतो. त्याला एक मदतनीस दिलात तर कार्बन कमी होईल साहेब, पण मदतनीसाचं उद्घाटन कसं करणार.

किंवा जुनी कोळशाची केंद्रं. कोळशातल्या उष्णतेपैकी तिथे जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते, बाकीची हवेत आणि पाण्यात. टर्बाइन, बॉयलर नीट केलं आणि कार्यक्षमता एका टक्क्याने, म्हणजे समजा ३४ ची ३५ केली, तर तेवढ्याच विजेला कार्बन दोन-तीन टक्के कमी लागतो. आणि अगदीच म्हातारं केंद्र असेल तर बंद करून टाकायचं, तेही स्वेच्छेने, हा विचार बोर्डाच्या मीटिंगमध्ये मांडून बघा आणि कोणकोण चहा प्यायला उठतं ते मोजा.

अजून एक, मोठ्या सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये एसएफ सिक्स नावाचा गॅस असतो, ठिणगी विझवायला. हा कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त उष्णता धरतो आणि हजारेक वर्षं हवेत राहतो, किलोभर गळला की वीस टनांच्या वरचं पाप. १९९९ पासून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने वीज कंपन्यांबरोबर याच गळतीवर स्वेच्छेचा कार्यक्रम चालवला आणि तिथे गळती बरीच कमी झालीसुद्धा, कारण गॅस महाग आहे, गळला तर कंपनीचाच खिसा फाटतो. स्वेच्छा कुठे उगवते ते यावरून कळतं. पण वास नाही, रंग नाही, गॅस गळायचा थांबला याचा फोटो कसा काढणार, सोडा.

छपरावरची सोलर पण जरा सांभाळूनच. २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, माझ्या चुलतभावाने हौसेने अर्ज केला. कचेरीत सांगितलं ट्रान्सफॉर्मरची क्षमता बघावी लागेल. बघायला कोण येणार, तर वायरमन. वायरमन कुठे, तर शिडी आणायला गेलाय.

त्यापेक्षा खरा मार्ग ऐका, स्वेच्छा ग्राहकाकडे सोपवा. २०२१ मध्ये राज्याच्या वीज आयोगाने सोय करून ठेवलीच आहे, ज्याला शंभर टक्के हरित वीज हवी त्याने युनिटमागे जास्त पैसे भरायचे, तेव्हा ६६ पैसे ठरले होते. तार तीच, डीपी तोच, लाईट जाते तीही त्याच वेळी, फक्त आता जाते ती हरित वीज. माझ्या आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे देवाला नवस मी बोलायचा आणि पुण्य पुजाऱ्याला?" तिचं सोडा, तिला अर्थशास्त्र कळत नाही.

पण आत्याला मी एका गोष्टीत तयार केलंच. कागदाचं बिल नको म्हटलं की तेव्हा महिन्याला दहा रुपये सूट मिळायची, पर्यावरण वाचायचं, मोबाईलवर मेसेज यायचा. मीच तिच्या फोनवरून नोंदणी केली, आत्या खूश, दोन महिने सगळ्या वाडीला सांगत होती मी झाडं वाचवते म्हणून. तिसऱ्या महिन्यात बँकेने केवायसीला बोलावलं, पत्त्याचा पुरावा म्हणून लाईट बिल आणा, कागदाचं, मोबाईलवरचं चालणार नाही. मग भर श्रावणात, पाऊस आडवा लागलेला, आत्याला घेऊन रिक्षाने तालुक्याला, जायचे-यायचे मिळून दोनशे रुपये, एसटी स्टँडच्या समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. तो म्हणाला काढतो की, दहा रुपये होतील, पण सकाळपासून लाईट नाहीये. आत्या म्हणाली आता एवढ्या पावसात परत कोण येणार. त्यालाही दया आली. मागच्या पडवीत गेला, जनरेटरची दोरी तीन-चारदा ओढली, काळा धूर निघाला, प्रिंटर घरघरला आणि एक पान बाहेर आलं, त्यावर कोपऱ्यात हिरवं पान छापलेलं.