मामींचा कांदा, फॉरवर्डची चप्पल

मामींनी नातवाच्या उशाशी अख्खा कांदा ठेवलाय. वेळ आली की बुक्कीने फोडायचा. पोराला आकडी येते, गोळ्या चालू आहेत, पण घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: 'आकडी आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवा. वासाची नस थेट मेंदूत जाते. उजवी नाकपुडी डाव्या मेंदूला जोडलेली असते. उग्र वासाच्या झटक्याने आकडी तिथेच थांबते.' खाली अर्थातच 'सायन्सने सिद्ध'.

'थेट' हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. डोळ्यांची, कानांची खबर आधी थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागाच्या नाक्यावर थांबते. वासाच्या पेशींचे तंतू मात्र नाकाच्या छतावरच्या चाळणीसारख्या हाडातून सरळ गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागात, शिरतात. पण तिथे काय पोचतं? १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी गंधग्राहकांची, म्हणजे पेशींवरच्या वास पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुकं शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार, आणि एका पेशीवर साधारण एकच. एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे तंतू गंधकंदातल्या ठरावीक गुच्छांत येतात. कुठले गुच्छ जागे झाले त्यावरून मेंदू वास ओळखतो. म्हणजे चपलेच्या वासातून मेंदूला कळतं ते एवढंच, की ही चप्पल आहे.

नाकपुडीचं तर उलटंच आहे. उजवीचा वास मुख्यतः उजव्याच बाजूला जातो.

आता तो झटका. कांद्याने डोळ्यांत पाणी येतं ते चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेमुळे. आकडीत मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम बेताल होतात, त्यांना वासाने दटावता येत नाही. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि श्रेय चपलेला! बरं, ती नाकातोंडावर दाबून धरली तर पोराने श्वास कुठून घ्यायचा?

१९५६ मध्ये रॉबर्ट एफ्रॉन या डॉक्टरांनी एका बाईंची केस छापली होती, हेही सांगतो. चाहूल लागताच चमेलीचा वास घेऊन त्या आकडी रोखायच्या. पण चाहूल लागताच, शुद्धीत असताना. बेशुद्ध पोराला याचा काय उपयोग?

पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर थेट दवाखाना.

फोनवर हे सगळं ऐकून मामींनी कांदा टोपलीत टाकला. चप्पल पलंगाखालीच आहे. "असू दे रे, तिचा काय त्रास?"