एस्पेरांतो संस्कृतातून बनलेली नाही, तो फॉरवर्ड पुढे ढकलणं थांबवा

"एस्पेरांतो ही जगभाषा गुपचूप संस्कृतातून बनवली" हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय, मी सोडून देत होते, पण काल भाचीने तो शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा उतरवलेला दिसला आणि डोकंच फिरलं.

सगळ्यात संतापजनक मुद्दा 'माल'चा. बोना म्हणजे चांगला, मालबोना म्हणजे वाईट, म्हणून म्हणे हा 'माल' म्हणजे संस्कृत 'मल', घाण. अहो, पुढचे शब्द तरी बघा! युना तरुण, मालयुना म्हातारा. देक्स्त्रा उजवा, मालदेक्स्त्रा डावा. फेर्मी म्हणजे बंद करणं आणि मालफेर्मी म्हणजे उघडणं. दार उघडण्यात कसली घाण? आणि म्हाताऱ्या माणसांवर, डाव्या हातावर घाणीचा शिक्का मारताय तो वेगळाच, नववीतली मुलगी हे खरं मानून पाठ करतेय. एस्पेरांतो बनवणाऱ्या झामेनहॉफने हा तुकडा फ्रेंचसारख्या भाषांतून उचलला, तिथे त्याला वाईटाची छटा आहे, पण एस्पेरांतोत त्याला फक्त 'उलट' एवढंच काम दिलं, म्हणजे विरुद्धार्थी शब्द वेगळे पाठ करायला नकोत. बनवलेल्या भाषेत शब्द कुठून घेतला आणि त्याला अर्थ कोणता दिला हे दोन वेगळे प्रश्न असतात, ते इथे सरसकट एकच करून टाकलेत.

आकड्यांत संस्कृतशी जुळणारे दु (२) आणि त्रि (३) तेवढे दाखवलेत. क्विन (५), ओक (८), त्सेंट (१००) का गाळले? कारण पंच, अष्ट, शत जुळत नाहीत, लॅटिन जुळते.

नोमो (नाव) आणि संस्कृत नाम, नोवा (नवा) आणि संस्कृत नव यांचं नातं खरंय, तेवढं मान्य. पण ते लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या म्हणून, भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्येच हे साम्य मांडलं होतं. चुलत बहिणीला आई म्हणायचं का?

भाषेचं नाव 'ईश्वर'वरून आलं हेही खोटं. १८८७ मध्ये झामेनहॉफचं या भाषेवरचं पहिलं पुस्तक 'डॉक्टर एस्पेरांतो' या टोपणनावाने आलं, अर्थ आशा बाळगणारा, तेच नाव भाषेला चिकटलं.

"झामेनहॉफने मूळ लपवलं" म्हणणाऱ्यांनी एबे विल्बोर्गचा एस्पेरांतोचा व्युत्पत्तिकोश उघडावा, १९८९ ते २००१ दरम्यान पाच खंडांत निघालाय, एकेका शब्दाचं मूळ त्यात शोधलंय. आताच्या पोलंडमधल्या बियालिस्टोकमध्ये रशियन, यिडिश, पोलिश, जर्मन ऐकत वाढलेला, शाळेत लॅटिन-ग्रीक शिकलेला माणूस, त्याने शब्द घेतले ते युरोपातल्या ओळखीच्या भाषांतूनच: कुत्र्याला हुंदो जर्मनमधून, पक्ष्याला बिर्दो इंग्रजीतून, 'आणि'साठी काय् ग्रीकमधून. सगळं उघड्यावर आहे.