घाना घानात नव्हतं, हे खरंच

आफ्रिकी देशांच्या बदललेल्या नावांवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप दुहेरी आहे: आफ्रिकी देशांनी नावं बदलली ती निव्वळ गोऱ्यांवरच्या रागापोटी, आणि त्यासाठी उसना इतिहास आणला, कारण जुनं घाना साम्राज्य आजच्या घानात नव्हतंच.

दुसरं म्हणणं एकदम मान्य. ते साम्राज्य शेकडो किलोमीटर वायव्येला, आजच्या मॉरिटानिया-माली सीमेवर होतं. मी लेखात हे गाळलं होतं, आज घातलंय. पण १९५७ साली, देश स्वतंत्र होताना, त्याचे नेते एन्क्रुमा यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ‘गोल्ड कोस्ट’ हे ब्रिटिशांच्या वेळचं नाव, ते देशाचं नाव की मालाची पाटी? बरं, बदलायचं तर कोणाचं नाव घ्यायचं? देशाच्या मधल्या भागातल्या असांते लोकांचं घेतलं तर किनाऱ्यावरचे आणि उत्तरेतले लोक बिथरणार. असांतेंनी तर १९५४ पासून वेगळा पक्ष काढून संघराज्याची मागणी लावून धरली होती. अशा वेळी दूरचं, जुनं, नामांकित आणि भांडणात कोणाच्याच बाजूचं नसलेलं नाव सोयीचं पडलं. उसनं होतं म्हणूनच चाललं, असं मला वाटतं.

आता रागाचं. आजच्या बेनिन देशाचं जुनं नाव दाहोमी. ते फ्रेंच राज्यकर्त्यांनी ठेवलेलं नव्हे. दक्षिणेतल्या फॉन लोकांच्या राज्याचं ते नाव, आणि हे राज्य शेजारपाजारची माणसं पकडून गुलाम म्हणून विकत असे. ज्यांचे पूर्वज असे पकडले गेले, त्यांनी स्वतःला काय ‘दाहोमीचे’ म्हणवून घ्यायचं? १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष केरेकूंनी (ते स्वतः उत्तरेकडचे) देशाला समोरच्या आखाताचं नाव दिलं, बेनिन. गंमत म्हणजे बेनिनचं ऐतिहासिक राज्य शेजारच्या नायजेरियात! इथेही उसनवारीच, पण यात गोऱ्यांवरचा राग कुठे दिसतो?

अप्पर व्होल्टाचं (आजचं बुर्किना फासो) तर निव्वळ नकाशातलं नाव, व्होल्टा नदीचा वरचा भाग. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सांकारांनी ‘बुर्किना’ मोरे भाषेतून घेतलं, ‘फासो’ जुला भाषेतून, आणि तिथल्या माणसाला ‘बुर्किनाबे’ म्हणताना शेवटचा ‘बे’ फुलानींच्या भाषेतून. एका नावात तीन भाषा बसवणं हे रागाचं काम नाही, त्याला हिशेब लागतो.

ऱ्होडेशियात (आजचं झिम्बाब्वे) मात्र राग होता, आणि का नसावा? अख्ख्या देशाला सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश वसाहतवाद्याचं आडनाव! तिथल्या ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या नगराचे दगडी कोट स्थानिकांनीच बांधले, हे उत्खननातून १९०५ मध्ये आणि पुन्हा १९२९ मध्ये सांगितलं गेलं. तरी गोऱ्या वसाहतवाल्यांना ते फिनिशियनांचे (भूमध्य समुद्रावरच्या प्राचीन व्यापाऱ्यांचे) वाटत राहिले, आणि गोऱ्यांच्या राजवटीचा पंतप्रधान इयान स्मिथ याच्या काळात तर सरकारच खरं सांगू देईना. १९८० मध्ये देशाला त्याच कोटांचं नाव मिळालं, तेव्हा तो वाद घालायलाही कोणी उरलं नाही.

तुम्हाला माझी खोड काढायचीच होती तर झाईर होतं की! काँगोचे हुकूमशहा मोबुटू यांनी १९७१ मध्ये देशासाठी ‘अस्सल आफ्रिकी’ म्हणून निवडलेलं हे नाव म्हणजे ‘नदी’ या अर्थाच्या कोंगो भाषेतल्या शब्दाचा पोर्तुगीज उच्चार. आणि ते आणण्यासाठी काढून टाकलं काय, तर ‘काँगो’ हा तिथलाच शब्द. १९९७ मध्ये मोबुटू गेले, झाईरही गेलं.

आणि राग हेच कारण असतं, तर पोर्तुगीजांनी एका नदीला ठेवलेलं ‘कोळंबीची नदी’ हे नाव आजवर कोण कशाला बाळगेल? कॅमेरूनचं नाव त्यावरूनच आलंय, आणि ते अजून तसंच आहे.