पर्थचा 'दाबलेला रिपोर्ट' आणि आमचे मामा

मामांनी फॅमिली ग्रुपवर परत तेच टाकलंय. "वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला केंद्राने लुटलं, बदल्यात दमडी दिली नाही. १९२५ च्या सरकारी चौकशीने 'फुटून निघा' सांगितलं, रिपोर्ट दाबला. १९३३ ला जनतेने कौल दिला, तोही लंडनने पैसे खाऊन मारला. महाराष्ट्राने धडा घ्यावा." खाली सगळ्यांचे अंगठे. आता गप्प बसवत नाही.

दाबला म्हणे! रॉयल कमिशनचा, म्हणजे त्या सरकारी चौकशी आयोगाचा, तो रिपोर्ट त्याच साली छापून बाहेर आला होता.

खरी लबाडी 'फुटून निघा' मध्ये आहे. कमिशनवर तिघं होते, अध्यक्ष हिग्ज, शिवाय एंटविसल आणि मिल्स. वेगळं होणं हाच एकमेव पुरता उपाय, असं लिहिलं ते एकट्या एंटविसलने. रिपोर्टची शिफारस काय होती? राज्याला २५ वर्षं स्वतःची कस्टम ड्युटी ठरवू द्या आणि तो हक्क मिळेपर्यंत केंद्राने वर्षाला साडेचार लाख पौंड जादा द्यावेत. म्हणजे एकत्र राहूनच हिशोब नीट करा! फॉरवर्डवाल्याने हे सगळं गाळलं आणि एकाचं मत अख्ख्या कमिशनच्या नावावर खपवलं, आणि आपण अंगठे देतोय.

लुटलं यात अर्धं खरं आहे, बरं. आयात कराने पूर्वेकडचे कारखाने पोसले जायचे आणि पश्चिमेचा शेतकरी गहू जगाच्या भावाने विकून यंत्रं मात्र महाग घ्यायचा, ही तक्रार खोटी नव्हती. पण दमडी दिली नाही? ऑस्ट्रेलियाच्या घटनेच्या कलम ९५ ने या एकाच राज्याला पहिली ५ वर्षं उतरत्या दराने स्वतःची ड्युटी ठेवू दिली होती, १९१० पासून केंद्राकडून वर्षाला माणशी २५ शिलिंग सगळ्याच राज्यांना होते, आणि १९३३ मध्ये राज्यांना केंद्राची मदत किती द्यायची ते सुचवणारं ग्रँट्स कमिशनच बसवलं.

कौल खरा आहे, वेगळं व्हायच्या बाजूने १,३८,६५३, विरुद्ध ७०,७०६. पण त्याच ८ एप्रिलला त्याच लोकांनी राज्याचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) मिचेल यांचं सरकार घरी पाठवलं, वेगळं व्हायच्या बाजूचा हा मिचेल स्वतःच्या सीटवर पण पडला, आणि सत्ता गेली कॉलियरच्या लेबर पक्षाकडे, ज्यांना वेगळं व्हायचंच नव्हतं. लंडनच्या संसदीय समितीने १९३५ ला राज्याचा वेगळं होण्याचा अर्ज नाकारला कारण केंद्राला डावलून एका राज्याच्या अर्जावर ब्रिटिश पार्लमेंटने हात घालायचा नाही असा संकेत होता, यात पैसे कुणी खाल्ले ते मामांनीच सांगावं.

आणि महाराष्ट्राचा धडा म्हणाल तर मामा, १५ व्या वित्त आयोगात केंद्राच्या करांमधल्या राज्यांच्या वाट्यातले ६.३१७ टक्के आपल्याला आले, कमी वाटत असतील तर त्यावर भांडूया की.