ट्रॅक्टरला घाम येतो म्हणे

"नवीन गाडी आहे दादा, थोडा घाम येणारच," फिटर म्हणाला. मागच्या ॲक्सलखाली तेलाचं थारोळं. पन्नास तासांच्या सर्व्हिसिंगला सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं होतं. रोटाव्हेटर लावून सोयाबीनचं रान काढलं नाही तोच पुन्हा टपटप.

गावात कुणाचा ट्रॅक्टर बिघडला की माणसं दहाव्याला जमावीत तशी जमतात. त्यात नाना. नानांनी जन्मात सायकल चालवलेली नाही. ते वाकले, थेंब बोटावर घेतला, हुंगला, चोळला आणि सरळ जिभेला लावला.

"गिअरचं हाय."

"नाना, ह्याला गिअर, हायड्रोलिक, ब्रेक, सगळ्यांना एकच तेल असतं."

"मग ब्रेकचंबी हाय. इंजिनचं न्हाई. इंजिनचं कडू लागतं."

म्हणजे ते आधीच चाखून झालेलं! फिटरनं मात्र आदरानं विचारलं, "मग नाना, सील कुठलं गेलं असंल?"

"आमच्या बैलांना सील नव्हतं बाबा."

"ते गळायचे नाहीत का?"

"गळायचे की. पर त्याचं खत व्हायचं."

सगळे हसले. मीही हसलो, पण दात आवळून. कारण तेल सुटतं कुठून, हे कुणीच बघत नव्हतं. तेल वर सुटतं, बॉडीवरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून ठिबकतं. डिझेलनं धुवायचं, कोरडं पुसायचं, वर पावडर मारायची आणि अर्धा तास ट्रॅक्टर चालवायचा. ओल कुठून उतरते ते आंधळ्यालाही दिसतं. पोराच्या पावडरचा डबा मीच रिकामा केला. घरात त्यावरून झालेलं बोलणं इथं लिहीत नाही. ओल सीलच्याच ओठातून येत होती, पण वर ब्रीदर मातीनं गच्च बुजलेला. हवा निघायला वाट नाही. तेल तापलं की आतला दाब सीलला ढकलणारच. दुसरं सील टाका नाहीतर दहावं.

हे सांगितल्यावर फिटर म्हणाला, "कंप्लेंट सीलची आहे दादा. ब्रीदरची वेगळी टाकावी लागेल."

सील वॉरंटीत फुकट. ते बदलताना सांडलेलं तेल मात्र माझ्या बिलात. शिवाय जाताना हळूच, "कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा सांगा, नाहीतर आमचे पैसे कापतात."

फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरखाली होतो. हात तेलानं बरबटलेले, म्हणून नानांनीच उचलला. नऊ दिले. तेल जरा पातळ लागलं, म्हणून एक कापला म्हणे.